दुर्बीण घेण्याआधी थोडं बसू या

दुर्बीण घ्यायचं मनात आलं की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच येतो: किती मोठं दिसतं? त्याचं उत्तर खोक्यावर ठळक आकड्यांत छापलेलं असतं आणि तिथेच निवड चुकायला सुरुवात होते. हे मनन त्या प्रश्नाची जागा दुसऱ्या काही प्रश्नांना देण्यासाठी आहे. ते एका बैठकीत संपवू नका. रात्री जेवणं आटोपली की एक भाग वाचा, मग दिवा मालवून गच्चीवर किंवा अंगणात जा आणि वाचलेलं आकाशाखाली मनात घोळवा. सगळे भाग होईपर्यंत खरेदीचा विषय काढू नका.

पहिली रात्र: आपले डोळे

आज फक्त बसायचं आहे. रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येणार नाही असा कोपरा शोधा. पाण्याच्या टाकीचा आडोसाही पुरतो. फोन घरात ठेवा. चटई टाका, पाठ टेका आणि वर पाहा.

पहिल्या पाच मिनिटांत ठळक तेवढेच तारे दिसतील. डोळे अजून घरातल्या उजेडातच आहेत. बाहुली काही क्षणांत रुंदावते, पण दृष्टिपटलातलं मंद प्रकाश टिपणारं रसायन तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ द्या. श्वास आपल्या गतीने चालू दे. एखाद्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेवर नजर ठेवा. थोड्या वेळाने तिथे एक तारा उमटतो, मग त्याच्या शेजारी दुसरा. आकाश होतं तसंच आहे, तयार झाले ते तुमचे डोळे. मध्येच कुणी फोनचा पडदा तोंडासमोर धरला तर ही तयारी क्षणात मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. म्हणूनच आकाशदर्शनाला जाणारे लोक मंद लाल दिवा वापरतात.

आता जेमतेम दिसणारा एक तारा निवडा आणि त्याच्याकडे अगदी सरळ पाहा. तो नाहीसा होईल. नजर किंचित बाजूला घ्या, लक्ष मात्र त्याच्यावरच ठेवा. तो परत येईल. दृष्टिपटलाच्या मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी दाटीने असतात, त्यांना भरपूर प्रकाश लागतो. मंद प्रकाशावर चालणाऱ्या पेशी त्या मध्याच्या भोवती असतात. तिरक्या नजरेने पाहण्याची ही सवय आजच लावून घ्या. उद्या दुर्बिणीतून एखादा तेजोमेघ पाहताना महागड्या भिंगापेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

उठण्याआधी आपल्या वाट्याला आलेलं आकाश नीट पाहून घ्या. कोणती दिशा मोकळी आहे? समोरची इमारत किती उंचीपर्यंत आकाश झाकते? उत्तरेला ध्रुवतारा दिसतो का? ज्या गावाचे अक्षांश जितके, तितक्याच अंशांवर तिथून ध्रुव दिसतो. पुण्यात तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, मुंबईत एकोणीस. शहरात एवढ्या खालचा तारा बहुधा एखाद्या इमारतीमागे गेलेला असतो. हे ध्यानात असू द्या, चौथ्या रात्री लागेल.

दुसरी रात्र: गोळा करणं

अंधारात डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते. वय वाढतं तशी ती कमी उघडते आणि पुढे ५ मिमीच्या आसपास येऊन थांबते. हा एवढासा गोल डोळ्यांसमोर आणा. आपल्याला माहीत असलेलं सारं आकाश याच दारातून आत आलेलं आहे.

देवयानी दीर्घिकेचा प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. तो तुमच्या एकट्याच्या डोळ्यासाठी येत नाही. सगळ्या गच्चीवर पडतो: कठड्यावर, स्लॅबवर, दोरीवर विसरलेल्या टॉवेलवर. त्यातला ७ मिमी गोलात मावेल एवढाच तुमच्या आत शिरतो. यावर थोडं थांबा. दिसत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा प्रकाश आलेला असतो आणि आपलं दार लहान असतं.

दुर्बीण हे दार रुंद करते. पुढचं भिंग किंवा तळचा आरसा जेवढा रुंद, तेवढ्या रुंदीवर पडणारा प्रकाश ती गोळा करते आणि आपल्या बाहुलीत मावेल असा करून आत सोडते. रुंदी दहापट झाली की क्षेत्रफळ शंभरपट होतं. त्यामुळे ७० मिमी भिंगाची साधी दुर्बीण ७ मिमी बाहुलीच्या शंभरपट प्रकाश देते, ९० मिमीची सुमारे १६५ पट आणि १३० मिमी आरशाची जवळजवळ साडेतीनशे पट. या व्यासामुळे दुसरंही एक काम होतं. व्यास वाढला की जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. ७० मिमीमधून चंद्रावरचे सुमारे ३ किमीचे तपशील ओळखू येतात, १३० मिमीमधून त्याच्या जवळपास निम्म्या आकाराचे.

म्हणून दुर्बिणीविषयी पहिला विचारायचा आकडा व्यासाचा. दुकानदाराला नम्रपणे, पण ठामपणे हेच विचारा: भिंगाचा किंवा आरशाचा व्यास किती मिलिमीटर?

आणि हा आकडा लहान वाटला तर गॅलिलिओला आठवा. ७ जानेवारी १६१० च्या रात्री पदुआत त्याने गुरूजवळ एका ओळीत तीन ठिपके पाहिले. काही रात्री सलग पाहिल्यावर ते चार चंद्र आहेत आणि गुरूभोवती फिरतात हे त्याच्या ध्यानात आलं. त्याची दुर्बीण साधारण वीस पटींची होती, काच आजच्या मानाने सदोष होती आणि दिसणारं आकाशाचं वर्तुळ अगदी चिंचोळं होतं. आज दुकानात मिळणारी कोणतीही प्रामाणिक ७० मिमी दुर्बीण तिच्यापेक्षा सरस आहे. साधन आपल्याकडे त्याच्याहून चांगलं आहे. तो रोज रात्री परत पाहत राहिला, हा भाग आपल्याला शिकायचा आहे.

तिसरी रात्र: पसरवणं

आज तो खोक्यावरचा आकडा हातात घेऊ या. ६० मिमी भिंगाच्या खोक्यावर पुष्कळदा ५२५ पट असं छापलेलं असतं. तो येतो कुठून? दुर्बीण किती पट दाखवते हे काढायला पुढच्या भिंगाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागतात. नाभीय अंतर ७०० मिमी आणि आयपीस ४ मिमीचा, म्हणजे १७५ पट. मध्ये तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की ५२५. हिशेब बिनचूक आहे. तरीही त्या आयपीसमधून दिसतो तो एक करडा, थरथरणारा, कडा विरघळलेला डाग.

कारण दुर्बिणीने जेवढा प्रकाश गोळा केला तेवढाच आपल्याकडे असतो. मोठं करणं म्हणजे तोच प्रकाश जास्त जागेवर पसरवणं. चमचाभर तूप एका पोळीला लावलं तर घासाघासाला लागतं, चार पोळ्यांना पुरवलं तर कुठेच लागत नाही. पट दुप्पट केली की प्रतिमेचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि तिचा प्रत्येक भाग चौपटीने मंद होतो. शिवाय हवेची थरथर आणि भिंगाचे दोषही तेवढेच मोठे होतात.

अनुभवाने ठरलेला एक नियम आहे: व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुपटीपलीकडे पट वाढवून हाती काही लागत नाही. ६० मिमीसाठी १२०, ७० मिमीसाठी १४०, १३० मिमीसाठी २६०. एवढ्या पटीही हवा अगदी शांत असलेल्या रात्रीच चालतात. एरवी पाहणं होतं ते २५ ते १०० पटींत. गुरूचे चार चंद्र २५ पटींत दिसतात, शनीची कडी ३० ते ५० पटींत वेगळी कळते आणि अख्खा चंद्र तर ५० पटींत सगळ्यांत देखणा दिसतो.

इथे थांबून स्वतःला विचारा: मोठं पाहण्याची ही ओढ नेमकी कशाची आहे? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हबल अवकाश-दुर्बिणीची रंगीत छायाचित्रं असतात. ती तासन् तास प्रकाश साठवून केलेली असतात. आपला डोळा असा साठा करत नाही, तो त्या क्षणीचा प्रकाश पाहतो. लहान दुर्बिणीत मृगातला तेजोमेघ करड्या, फिकट हिरवट धुराच्या झुपक्यासारखा दिसतो आणि शनी वाटाण्याहूनही लहान. पण तो प्रकाश खुद्द शनीवरून निघून तासाभराहून अधिक प्रवास करून तुमच्या दृष्टिपटलावर आलेला असतो. हे मनाला पुरत असेल तर दुर्बीण तुमच्यासाठी आहे.

आणि चित्रच हवं असेल तर तेही मोकळेपणाने मान्य करा. सीस्टार एस५० सारख्या नव्या स्मार्ट दुर्बिणी आता मिळतात. ५० मिमी भिंग, अडीच किलो वजन, डोळा लावायची सोयच नाही. त्या आपोआप तेजोमेघ शोधतात, प्रकाश साठवतात आणि फोनवर रंगीत प्रतिमा देतात. शहराच्या उजेडातूनही त्यांचं काम चालतं. चांगलं साधन आहे ते. फक्त आपल्याला पाहायचं आहे की टिपायचं आहे, हे आधी ठरवा.

चौथी रात्र: स्थिर धरणं

आज एखाद्या इमारतीच्या कोपऱ्याशी लागलेला तारा निवडा आणि भिंतीला डोकं टेकून, न हलता त्याच्याकडे पाहत राहा. काही मिनिटांत तो कोपऱ्यामागे जातो. पृथ्वीचं फिरणं यापेक्षा सोप्या रीतीने अनुभवता येत नाही.

दुर्बिणीत हीच गती आणखी जाणवते. ५० पटींत एरवी अंशभर आकाश दिसतं. तारा ते चार मिनिटांत ओलांडतो. १०० पटींत दोन मिनिटं पुरतात. म्हणजे पाहणाऱ्याला दुर्बीण सतत हलक्या हाताने सरकवत राहावी लागते. त्यामुळे ती कशावर उभी आहे, हे तिच्यात कोणती काच आहे याच्याइतकंच महत्त्वाचं ठरतं.

पहिल्या दुर्बिणींची निराशा बहुतेक वेळा इथून येते. भिंग बरं असतं, पण खाली काडीसारखे पाय असलेला ट्रायपॉड. फोकसच्या चाकाला बोट लागलं की चंद्र थरथरू लागतो आणि स्थिरावेपर्यंत सरकून गेलेला असतो. दुकानात किंवा ओळखीच्या कुणाकडे दुर्बीण पाहाल तेव्हा एक करा. दूरच्या एखाद्या टोकावर ती रोखा, नळीला हलकी टिचकी मारा आणि मनात मोजा. दोन-तीन अंकांत चित्र थांबलं तर स्टँड चांगला. दहापर्यंत मोजावं लागलं तर ती दुर्बीण सोडून द्या, भिंग कितीही चांगलं असलं तरी.

स्टँडचे मुख्य दोन प्रकार. एक वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा, ज्याला अल्ट-अझिमथ म्हणतात. दुसरा विषुववृत्तीय, म्हणजे इक्वेटोरियल. याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, मग एकच चाक फिरवून ताऱ्याचा माग काढता येतो. कल्पना सुंदर आहे. पण आता पहिल्या रात्रीचं निरीक्षण आठवा. तुमच्या गच्चीवरून ध्रुव दिसत नसेल तर हा स्टँड नवख्याला नीट लावताच येत नाही. स्वस्त संचातले इक्वेटोरियल स्टँड डळमळीतही असतात. पहिल्या दुर्बिणीला अल्ट-अझिमथच घ्या.

पाचवी रात्र: काय पाहायचं

आजची बैठक शुद्ध पक्षातल्या अष्टमीला करता आली तर उत्तम. चंद्र अर्धा असतो आणि संध्याकाळी डोक्यावर.

बहुतेकांना दुर्बीण पौर्णिमेला, त्यातही कोजागरीला काढावीशी वाटते. त्या रात्री सूर्याचा प्रकाश चंद्रावर आपल्याच दिशेने, सरळ पडत असतो. सावल्या नसतात, म्हणून उंचसखलपणा कळत नाही. टायको विवरातून चारी दिशांना गेलेले पांढरे पट्टे तेवढे पाहण्यासारखे असतात. अष्टमीला मात्र उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सूर्य नुकता उगवत असतो आणि प्रत्येक टेकाडाची सावली लांब पडते. दुर्बीण त्या सीमेवर आणा. विवरांच्या कडा एका बाजूने उजळलेल्या, तळ शाईसारखे काळे. सीमेच्या पलीकडे, पूर्ण काळोखात, मध्येच एखादा ठिपका एकटाच चमकताना दिसेल. ते एका पर्वताचं शिखर आहे. पायथ्याशी अजून रात्र आहे आणि माथ्यावर ऊन पोचलं आहे. अर्धा-पाऊण तास पाहत राहिलात तर ठिपका मोठा झालेला कळतो. दुसऱ्या जगातली पहाट होत असताना तुम्ही पाहता आहात. पुढे नवमी-दशमीला याच सीमेवर ९३ किमी रुंदीचं कोपर्निकस विवर पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंतींसह उघडं पडतं.

हे सगळं ७० मिमीमधून आणि शहराच्या मध्यातून दिसतं. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना रस्त्यावरचे दिवे फारसे बाधत नाहीत.

जोडताऱ्यांतला एक आपल्या घरचा आहे. उन्हाळ्यात सप्तर्षींच्या शेपटीतला टोकाकडून दुसरा तारा पाहा, वसिष्ठ. त्याला बिलगून अंधुकशी अरुंधती. लग्नात वधूवरांना दाखवतात तीच. नुसत्या डोळ्यांनी हे दोघं वेगळे दिसतात. आता लहान दुर्बीण ५० पटींवर वसिष्ठावर रोखा. वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो, एक तेजस्वी आणि त्याला खेटून एक मंद. पुढे वर्णपटाच्या अभ्यासातून कळलं की हे दोन्हीही प्रत्येकी जोडतारेच आहेत. जितकं पाहावं तितकं एकाचं अनेक होत जातं.

आता स्वतःला विचारा, यातलं कशाकडे मन जास्त ओढलं गेलं? उत्तरानुसार लहान आकाराच्या दुर्बिणी तीन प्रकारच्या मिळतात.

चंद्र, ग्रह, जोडतारे हवे असतील आणि जागा बाल्कनीएवढीच असेल, तर ९० मिमीची माक्सुतोव्ह. १९४१ मध्ये दिमित्री माक्सुतोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने या रचनेचा शोध लावला. प्रकाश आत घडी घालून फिरवलेला असल्याने १२५० मिमी नाभीय अंतर जेमतेम फूटभर नळीत मावतं. पाठपिशवीत बसते, लोकलच्या गर्दीतूनही नेता येते. मात्र तिच्यातून अंशभरच आकाश दिसतं. चंद्राच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट पसरलेल्या कृत्तिका एका वेळी त्यात मावत नाहीत.

गावाकडचं काळं आकाश अधूनमधून मिळत असेल आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात भटकायला आवडत असेल, तर ७० किंवा ८० मिमी भिंगाची आखूड दुर्बीण. ४०० मिमी नाभीय अंतर आणि २५ मिमी आयपीस, म्हणजे १६ पट आणि तीन अंशांचं आकाश. कृत्तिका पुरत्या मावतात, वृश्चिकाच्या नांगीजवळचे तारकागुच्छ एकामागून एक येत राहतात. तेजस्वी ग्रहांभोवती जांभळी झाक दिसते, ती तिची मर्यादा.

आणि थोडं ओझं चालत असेल, अंधुक गोष्टी खोलवर पाहायच्या असतील, तर ११४ किंवा १३० मिमी आरशाची टेबलटॉप डॉब्सोनियन. ट्रायपॉड नाही, खाली लाकडी फिरता पाट. पाच-सहा किलोंच्या आसपास वजन. मृगातल्या बाणाच्या खालच्या मेघात दडलेले चार बाळतारे तिच्यात टोकदार दिसतात. मे महिन्यात दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ दिसतो. लंडनहून तो कधी क्षितिजावर येतच नाही, महाराष्ट्रातून वीस अंशांहून वर येतो. या दुर्बिणीचा आरसा अधूनमधून स्क्रूंनी सरळ करावा लागतो आणि ठेवायला भक्कम स्टूल लागतं. प्लास्टिकचं चालत नाही, टाकीचा सिमेंटचा ओटा उत्तम.

कोणतीही घ्या, आयपीस सव्वा इंची असू द्यात, म्हणजे पुढे चांगले घेता येतात. सुरुवातीला २५ मिमी आणि १० मिमी हे दोनच पुरतात. आणि यातलं काहीच पक्कं वाटत नसेल तर १०×५० ची द्विनेत्री घ्या. पुढे मोठी दुर्बीण आली तरी ती अडगळीत जात नाही.

सहावी रात्र: कुणासाठी

टेबलटॉप दुर्बिणीच्या त्या फिरत्या पाटामागे एक माणूस आहे. जॉन डॉब्सन, जन्म १९१५, बीजिंग. १९४४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून राहू लागला. वेदान्ताचा आणि खगोलशास्त्राचा मेळ घालणं हे त्याच्याकडे सोपवलेलं एक काम होतं. विश्व काय आहे हे आधी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे असं त्याला वाटे. पैसे नव्हते. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून त्याने आरसे केले, नळीला पुठ्ठ्याचे पाइप वापरले, स्टँडला प्लायवूड. दुर्बीण रस्त्यावर न्यायची आणि शेजारपाजारच्यांना दाखवायचं यासाठी तो वरचेवर मठाबाहेर असे आणि १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी फुटपाथवर आकाश दाखवणाऱ्यांचा गट उभा राहिला. २०१४ मध्ये वारला तोवर तो हेच करत होता. दुर्बिणीची थोरवी तिच्यातून किती जणांनी पाहिलं यावर ठरते, असं तो मानत असे.

दुर्बीण माणसावर किती अवलंबून असते याचं एक उदाहरण पुण्यातलंही आहे. १८८८ मध्ये कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभारली. २० इंच व्यासाची तिथली दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एवढ्या मोठ्या दुर्बिणीलाही शेवटी तिच्याजवळ रोज जाणारा माणूस लागतो. आपल्या ७० मिमीला तर लागतोच.

म्हणून आज डोळे मिटून एक उजळणी करा. कपाटातून दुर्बीण काढली, जिना चढलो, दार उघडलं, मांडली. किती पावलं झाली? किती वेळा खाली-वर? ऑफिसातून दमून आलेल्या संध्याकाळी हे तुम्ही कराल का? घरातले कुणी बरोबर येतील का? लहान मूल असेल तर आयपीसची उंची त्याला पुरेल का? जी दुर्बीण या सगळ्यात बसते तीच घ्या, व्यास थोडा कमी पडला तरी चालेल. गच्चीचा स्लॅब दिवसभराचं ऊन रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो आणि त्या गरम हवेतून तारे थरथरतात. दुर्बीण पाहण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा. पावसाळ्याचे चार महिने ती कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. आणि सूर्याकडे ती कधीही, एका क्षणासाठीही रोखू नका. दृष्टी कायमची जाते. आयपीसला लावायचा काळा सोलर फिल्टर संचात आला असेल तर तो फोडून टाका, तो उष्णतेने तडकतो. मुलांच्या हाती दुर्बीण देताना पहिला नियम हाच सांगा.

आणि मग खरेदी

आता बाजारात जायला हरकत नाही, पण वाटेत एक थांबा घ्या. पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मुंबईच्या खगोल मंडळाची आकाशदर्शनं वांगणीला रात्रभर चालतात. इतर शहरांतही अशी मंडळं आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या एखाद्या रात्रीला जा. तिथे वेगवेगळ्या दुर्बिणी रांगेत मांडलेल्या असतात आणि त्यांचे मालक आनंदाने दाखवतात. एकच शनी तिघांच्या दुर्बिणीतून पाहा. २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला धारेवर दिसत होती आणि जवळजवळ नाहीशी झाली होती, आता ती वर्षागणिक उघडत चालली आहे. कोणती दुर्बीण हलते, कोणती उचलून पाहता येते, कोणत्या आयपीसला डोळा सहज लागतो, हे सगळं तिथे एका रात्रीत कळतं.

माझा कौल असा: व्यास ७० ते १३० मिमीच्या दरम्यान, स्टँड टिचकीला न थरथरणारा, आयपीस सव्वा इंची आणि वजन एकट्याने एका खेपेत उचलता येईल एवढं. खोक्यावरची पट वाचूच नका. आणि दुर्बीण घरी आली की पहिल्याच अष्टमीला शेजाऱ्यांचं दार वाजवा. त्यांना वर बोलवा आणि चंद्र दाखवा.